पहिल्यांदा स्टार पार्टीला जाताय? मोबाईल आधी खिशात टाका

स्टार पार्टी म्हणजे अंधाऱ्या जागी जमून रात्रभर टेलिस्कोपमधून आकाश बघायचा कार्यक्रम. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उजेड असतानाच पोचा, कारण अंधारात गाडीचे हेडलाईट मारत आलात की सगळ्यांच्या डोळ्यांची वाट लागते आणि अख्ख्या मैदानाचे शिव्याशाप मिळतात. डोळे अंधाराला नीट सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि मोबाईलची स्क्रीन एकदा बघितली की परत पहिल्यापासून सुरुवात! टॉर्च लालच हवा, तोही मंद, साध्या टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावला तरी चालतो.

स्वतःचा टेलिस्कोप नसला तरी बिनधास्त जा, लोक हौसेने दाखवतात, फक्त विचारल्याशिवाय हात लावू नका आणि ट्यूबला धरून तर अजिबात वाकू नका, नेम हलतो.

आणि फोटोतल्यासारखे रंग दिसतील अशी आशा ठेवू नका, देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी, ताऱ्यांचा प्रचंड मोठा समूह) म्हणजे करडा धूसर ढगच दिसतो, पण तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो हे आठवलं की काटा येतो अंगावर. अंधुक गोष्ट दिसत नसेल तर थेट तिच्याकडे न बघता जरा बाजूला बघा, कडेच्या नजरेला ती पटकन सापडते. शनीची कडी मात्र थेट बघा 😄

हो, आणि जाडजूड स्वेटर घ्याच, रात्री एका जागी उभं राहून वाटतं त्यापेक्षा जास्त थंडी वाजते.