खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे महिने : गृहसेवेत येणाऱ्या फिजिओथेरपिस्टसाठी

फिजिओथेरपीची पदवी घेऊन पुण्यात वृद्धांच्या गृहसेवेत येणाऱ्या मुलामुलींना मी सुरुवातीलाच सांगते, की खुब्याचे हाड मोडलेल्या आजींची शस्त्रक्रिया चांगली झाली, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. रॉड घातलेला असो किंवा अर्धा सांधा बदललेला असो, बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच वॉकर देऊन उभे करतात आणि थोड्याच दिवसांत घरी सोडतात. या दुखण्यानंतर वर्षभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण अनेक अभ्यासांत २० ते ३० टक्क्यांच्या आसपास आढळले आहे. त्यामागे आधीचे आजार असतातच, पण पडून राहिल्याने छातीत होणारा संसर्ग आणि पाठीला, टाचांना पडणाऱ्या जखमाही असतात आणि त्या बऱ्याच अंशी टाळता येतात.

आपण त्या घरी जेमतेम तासभर असतो. उरलेला दिवस रुग्णाजवळ असते ती ब्यूरोतून (रुग्णसेविका पुरवणाऱ्या संस्थेतून) आलेली मावशी किंवा घरातली सून. म्हणून व्यायाम रुग्णाला जितके शिकवाल, तितकेच उठवण्या-बसवण्याचे तंत्र त्या बाईला शिकवा, असा माझा आग्रह असतो. बहुतेक मावश्या काखेत हात घालून ओढतात. त्यामुळे खांदा दुखावतो, आजी घाबरतात आणि पुढच्या वेळी उभे राहायलाच नकार देतात. त्याऐवजी त्यांना खुर्चीच्या कडेशी सरकू द्यावे, चांगल्या पायाची टाच मागे घेऊन दुखरा पाय किंचित पुढे ठेवायला सांगावे आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबत त्यांनी स्वतः उठावे; मावशीने फक्त कमरेशी आधार धरावा. हे मावशीकडून आपल्यासमोर करून घ्यावे, कारण नुसते सांगितलेले दुसऱ्या दिवशी विसरले जाते.

घराची पाहणी पहिल्याच भेटीत करावी. वॉकरची मूठ मनगटाच्या उंचीला येते का, त्याच्या पायांची रबरी बुचे झिजली आहेत का, मोरीचा उंबरठा किती उंच आहे, हे बारकाईने पाहावे. सांधा बदललेल्यांना सर्जनने वाकण्यावर बंधन घातले असेल, तर बुटके दिवाण, मांडी घालणे आणि भारतीय पद्धतीचा संडास वर्ज्य असतो. तिथे कमोडची खुर्ची हवीच. संडासला स्वतःच्या पायांनी जाता येणे हे मी पहिले उद्दिष्ट धरते, कारण माणसाचा आत्मसन्मान त्यावर फार अवलंबून असतो.

खर्चाचे बोलणे टाळू नये. आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांचा समावेश झाला, ही मोठी सोय आहे. पण घरी गेल्यावर त्यातून औषधोपचार मिळतो तो साधारण १५ दिवसांचा, आणि मावशीचा पगार तर कुटुंबालाच पेलावा लागतो. त्यामुळे रोज येण्याऐवजी आठवड्यातून दोनदा येऊन मधल्या दिवसांचे व्यायाम लिहून देणे पुष्कळ घरांना परवडते.

एक गोष्ट मात्र सर्रास राहून जाते. साध्या पडण्याने खुबा मोडला म्हणजे हाडे ठिसूळ झालेली असतात, तरीही कॅल्शियमच्या गोळ्यांपलीकडे काहीच लिहिलेले नाही, अशा फायली मी वारंवार पाहते. औषध ठरवणे आपले काम नाही. पण ठिसूळपणावरचे उपचार, उदाहरणार्थ वर्षातून एकदा द्यायचे इंजेक्शन, या रुग्णाला योग्य आहेत का, अशी विचारणा करणारी चिठ्ठी टाके काढायला जाण्याच्या दिवशी नातेवाइकांच्या हाती अवश्य द्यावी.