कूप तोडण्याआधी: माघ ते चैत्राची तयारी

मुंबईत मुलुंड, गोरेगाव, बोरिवली या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी जुन्या सोसायट्यांच्या आणि संस्थांच्या आवारात अजून लहान लहान रानं टिकून आहेत. बहुतेक ठिकाणी गिरीपुष्प आणि सुबाभूळ माजलेली असते, मध्ये ऐन, करंज, पळस, एखादी काटेसावर. असं रान राखायचा चांगला मार्ग म्हणजे त्याचे चार-पाच कूप, म्हणजे तोडीसाठी वाटून घेतलेले तुकडे, पाडायचे, दर वर्षी एकच कूप बुंध्याजवळ तोडायचा आणि खुंटाला पुन्हा फुटू द्यायचं. कोकणात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, ऐनाचं कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडणाऱ्या शेतकऱ्याला हे नव्यानं सांगावं लागत नाही. फांद्या गेल्या तरी झाड जगलं पाहिजे, हे त्याच्या हातातच असतं. खाली लिहिलेली सगळी तयारीही त्या खुंटासाठीच आहे. लाकूड मिळतं ते वरकड.

सगळ्यात आधी परवानगी, आणि ती संक्रांतीच्या बरीच आधी मागायची. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातला वृक्ष संरक्षण कायदा १९७५ चा आहे आणि तो खासगी आवारातल्या झाडालाही लागू होतो. झाड पुन्हा फुटणार आहे म्हणून तोड ही तोड राहत नाही, असं समजू नका. वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागात अर्ज द्या, प्रत्येक झाडाला क्रमांक टाका, फोटो जोडा आणि कूपतोड म्हणजे नक्की काय करणार ते साध्या शब्दांत लिहा. जागा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असेल, तर २०१६ मध्ये त्याच्याभोवती जाहीर झालेल्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात ती येते का, हेही तिथेच विचारून घ्या. वनजमिनीवरच्या काटकीलाही हात लावायचा नाही. कागद हातात येईपर्यंत कोयता बाहेर काढू नये. शेजारच्या इमारतींच्या नोटीस बोर्डावर चार ओळी लावा, कारण झाड पडताना पाहून ज्यांचा जीव कळवळतो ती माणसं आपलीच आहेत. त्यांना आधी कळायला हवं.

मग रानात सावकाश एक फेरी. एकट्यानं नको, दोघांनी मारा आणि हातात चुन्याचा डबा ठेवा. या वर्षीच्या कुपात जे तोडायचं त्यावर खूण करण्यापेक्षा जे राखायचं त्यावर करा. चुकून तुटण्याची भीती त्यालाच असते. पळस, पांगारा, काटेसावर फुलत असतात, त्यांना हात नाही. या दिवसांत मैना, बुलबुल, शिंजीर यांचं पोट त्यांच्यावर असतं. वाळलेली, पोखरलेली फांदी दिसली की थांबून बघा, तांबट अशाच मऊ लाकडात घर कोरतो. फार जाड, जुना बुंधाही सोडून द्या, कारण वय वाढलं की खुंटाची फुटण्याची ताकद कमी होते. मोहोळ असेल तर तो कोपरा पुढच्या वर्षीवर ढकला.

तोड कधी करायची, यावर माझं मत ठाम आहे: माघात, आणि महाशिवरात्रीच्या आत संपवून. इंग्लंडमध्ये हेझेल या झुडपाची अशी तोड पक्षी घरटी बांधायला लागण्याआधी, हिवाळ्यात उरकतात. तिथे थंडीनं झाड झोपलेलं असतं, आपल्याकडे कोरडेपणानं. कारण मात्र एकच. पानगळीच्या काळात झाडाचा साठा मुळांत असतो. नवी पालवी फुटली की तो वर खर्च होतो, आणि त्यानंतर तोडलेला खुंट रोडका फुटतो. गिरीपुष्पाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ते निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी फुलतं, मधमाश्यांना हवं असतं, आणि उन्हाळ्यात त्याच्या शेंगा तडकून बी दूरवर उडतं. एकाच कुपात तोड ठेवली की बाकीच्या कुपांतली फुलं माश्यांना राहतात आणि तोडलेल्या भागात तरी शेंग धरत नाही. सुबाभळीच्या शेंगा तपकिरी झाल्या असतील तर फांद्या रानातून ओढत नेऊ नका. त्या जागच्या जागी गोणीत झाडून घ्या, नाहीतर तुम्हीच पुढच्या दहा वर्षांचं सुबाभूळ पेरता.

हत्यारं आठवडाभर आधी काढावीत. कोयता, कुऱ्हाड, हातकरवत, बारीक कामाला सिकेटर (छाटणीची कात्री). कोयत्याला कानस मारून धार लावा, मुठी हलतात का ते बघा. बोथट कोयता साल फाडतो, आणि फाटलेल्या सालीतून बुरशी आणि किडा आत जातो. जाड खोड आधी उंचावर तोडून वजन उतरवायचं आणि मगच खाली करवतीनं शेवटचा काप घ्यायचा, म्हणजे खोड चिरफळत नाही. काप जमिनीपासून वीतभर उंचीवर आणि तिरका, पाणी निथळून जाईल असा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि सपाट खुंटावर पाणी साचून तो आतून कुजतो. कापावर काही फासू नये, असं माझं मत. धुमारे सालीतूनच फुटतात, तिला मोकळी राहू द्या. आरे किंवा येऊरच्या पाड्यांवरची, कमरेला आकडी लावून कोयता वागवणारी माणसं कामाला मिळाली तर त्यांची मजुरी आधी ठरवा, वेळेवर द्या, आणि कुठला काप कसा घ्यायचा ते त्यांना विचारा. तुम्ही आणि मी पुस्तकातून शिकलो, त्यांचे हात लहानपणापासून याच कामात आहेत.

पाचोळ्यात हात घालण्याआधी काठीनं हलवा. घोणस, मण्यार दोन्ही आपल्याकडे आहेत. बूट, जाड हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष मिळतं ते आधीच विचारून ठेवलेलं. साप किंवा जखमी प्राणी दिसला तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लावायचा.

तोडलेला माल तीन वाटांनी जातो. सरळ काठ्या वेलींच्या मांडवाला आणि कुंपणाला. गिरीपुष्पाची ताजी काठी जमिनीत रोवली की तीच फुटते. कोवळा पाला खुंटाभोवती पसरा, खुंटावर नको. तो नत्राचा आहे आणि मार्चच्या उन्हापासून मुळांवरची माती वाचवतो. उरलेल्या जाड ओंडक्यांचा एक ढीग कोपऱ्यात तसाच कुजू द्या, त्यात सरडे, भुंगे, गांडुळं राहतात. बाकी रचून ठेवलेलं लाकूड होळीच्या आठवडाभर आधी आवारातून हलवा. पोरं मागायला येतात, आणि द्यायचं तर सुबाभळीचं सरपण हौसेनं द्यावं, म्हणजे काटेसावरीवर कोयता चालत नाही.

फाल्गुनातली खरी काळजी वणव्याची. गवत तोवर पिवळं, कोरडं झालेलं असतं, आणि रस्त्यावरून टाकलेली एक विडीही पुरते. डोंगराच्या आणि रस्त्याच्या बाजूनं दोन-तीन मीटर रुंद पट्टा झाडून जाळरेषा मोकळी करा. पाचोळा जाळून नव्हे, गोळा करून खतात घालून. ओले टहाळ, फावडी आणि पाण्याची पिंपं हाताशी ठेवा. पिंपांना घट्ट झाकण हवं, नाहीतर डास होतात आणि पालिकेची नोटीस येते. आग आवाक्याबाहेर दिसली तर वाट न बघता १०१.

आता ज्याचा विचार फार कमी लोक करतात ते. कूप उघडला की जमिनीवर ऊन पडतं, आणि मुंबईत त्या उन्हाचा पहिला फायदा रानमोडी आणि घाणेरी ही तणं उचलतात. पहिल्या पावसानंतर महिनाभर दुर्लक्ष झालं तर धुमारे दिसेनासे होतात. म्हणून या दोघींना चैत्रातच मुळासकट उपटा, जमीन कडक असेल तर आदल्या संध्याकाळी पाणी शिंपून. रिकाम्या जागी काय लावायचं तेही आत्ताच ठरवा: ऐन, कुसुम, आपटा, बहावा, कुंभा. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात गोळा करा आणि बी फार दिवस पडू देऊ नका, त्याची उगवण लवकर उतरते.

कोवळे धुमारे दिसले की शेळ्या येणारच. काटेरी फांद्यांचं कुंपण खुंटाभोवती घाला, आणि जवळ गोठा किंवा शेळ्यांचा वाडा असेल तर तिथल्या मालकाशी स्वतः जाऊन बोला, त्याला बाकीच्या कुपातला पाला न्यायला सांगा. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास धरतो. कुंपण त्याआधी पक्कं हवं, कारण चिखलात ते होत नाही. पावसाळाभर धुमाऱ्यांना छेडू नका, सगळे वाढू द्या. गणपती झाले की प्रत्येक खुंटावर जमिनीच्या सगळ्यात जवळून फुटलेले, जोमदार असे तीन-चार राखा आणि बाकीचे सिकेटरनं काढा. वरून फुटलेला धुमारा कितीही देखणा असला तरी वादळात सालीसकट निघून येतो.