रविवारच्या मराठी बॅचला जायच्या आधी काय काय बघून ठेवायचं

पोट्टेहो, मी आता फायनलला आले, पुढच्या जुलैत मी नसणार, आणि कॉलेजच्या आपल्या मराठी शिकवणाऱ्यांच्या ग्रुपवर दर आठवड्याला तेच तेच येऊन राहिलं, ताई काय न्यायचं, ताई किती वाजता, ताई मी व्याकरण कुठून वाचू. म्हणून एकदाच लिहून टाकते. यादीच आहे ही, पण एक दोन तीन आकडे टाकून मला लिहिता येत नाही, जसं आठवेल तसं लिहिते, सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी हे बघा की तुमचं नाव कोणत्या बॅचला आहे, हॉस्टेलवाल्या की साईटवाल्या. दोन्हीकडे मराठीच शिकवायची पण तयारीत काहीच सारखं नाही. हॉस्टेल बॅच म्हणजे बाहेरून नागपुरात शिकायला आलेले आपल्याच वयाचे लोक, तेलुगूवाले बरेच, यूपी-बिहारवाले, एखाद-दोन मणिपूरकडचे. साईट बॅच म्हणजे बिल्डिंगच्या कामावर आलेल्या छत्तीसगडच्या मजुरांची लेकरं, पाच वर्षांपासून बारा-तेरा वर्षांपर्यंत सगळी एकाच सतरंजीवर.

हॉस्टेलचं आधी. पहिल्या वर्षी मी अख्खी बाराखडी लॅमिनेट करून घेऊन गेले होते, आठ मोठी पानं, स्वतःच्या पैशानं. समोर बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांचं शाळेत हिंदी झालेलं, देवनागरी ते माझ्याइतकीच फास्ट वाचत होते. तरी मी आपली तीन रविवार क का कि की करत बसले, चौथ्या रविवारी चारच जण आले, आणि त्यातल्या एकानं जाता जाता हळूच सांगितलं, दीदी, मेस की आंटी को बोलना है के रोटी थोडी पतली बनाओ, बस वो सिखा दो. तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. म्हणून आता पहिल्या दिवशी शिकवायचंच नाही, प्रत्येकाला तीन गोष्टी विचारायच्या आणि वहीत लिहून घ्यायच्या: घरी कोणती भाषा बोलता, देवनागरी वाचता येते का, आणि दिवसभरात तुम्हाला मराठीत नक्की कोणाशी बोलावं लागतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच तुमचा सिलॅबस, दुसरा शोधू नका.

मेडिकलवाला कोणी असला तर त्याचं उत्तर पेशंट हे असतं, आणि त्याला पुस्तकी मराठी दिली की पंचाईत होते. एका मुलीला आम्ही "शौचास होते का?" शिकवलं, ती वॉर्डात जाऊन म्हाताऱ्या आजीला तसंच विचारून आली, आजी नुसती बघत राहिली. "आजी, संडासला साफ होते का?" म्हटल्यावर आजीनं पाच मिनिटं सविस्तर सांगितलं, ते मात्र हिला कळलं नाही. तर अशा लोकांसाठी कळ येणं, भोवळ, मळमळ, हगवण, अंगात कसकस, ठणकणं, हे शब्द आधी काढून ठेवा, घरी आईला नाही तर आजीला विचारा, डिक्शनरीत "कसकस" धड सापडत नाही.

भाषा कोणती ते विचारायचं कारण असं की अडायच्या जागा वेगळ्या असतात. आपल्याला वाटतं हिंदीवाल्याला मराठी सोपी आणि तेलुगूवाल्याला अवघड, पण "ळ" तेलुगूत आहेच, चमच्यातला च आणि चिमणीतला च वेगळा हेही त्यांना जड जात नाही, आणि आम्ही आणि आपण यातला फरक, म्हणजे समोरच्याला धरून की सोडून, तो त्यांच्याकडे मेमु आणि मनमु असा आहेच. हिंदीवाला मात्र "हम" एके "हम", त्यामुळे तो मित्राला सोबत चल म्हणताना "आम्ही पिक्चरला जाऊ" म्हणतो आणि मित्र घरी बसून राहतो. तेलुगूवाले आकड्यांमध्ये अडकतात, त्यांच्याकडे एकवीस म्हणजे सरळ वीस-एक, आणि आपल्याकडे एकोणसाठ, सत्तेचाळीस, त्र्याहत्तर. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात "वीस एक" आणलं तेव्हा केवढा धुराळा उडाला होता, आमच्या तेलुगू बॅचला सांगितलं तर ते म्हणे बरोबरच तर होतं, काऊन भांडले तुम्ही. भाजीवाला काही वीस-एक म्हणत नाही, त्यामुळे आकडे पाठच करून घ्यावे लागतात, पण त्यासाठी पाव, अर्धा, पाऊण, दीड, अडीच यांची एक चिठ्ठी करून गोकुळपेठच्या बाजारात न्या, वर्गात नका बसवू.

हिंदीवाल्यांसाठी एक वेगळा कागद लागतो, दिसायला सारखे आणि अर्थाला भलतेच अशा शब्दांचा. शिक्षा, सही, खाली, संसार, यातायात, चेष्टा, राग. आमच्याकडे एकानं पहिल्या दिवशी ओळख करून देताना "मी नागपूरला शिक्षा घ्यायला आलो" असं सांगितलं, आणि मिड सेम चालू होत्या तेव्हा, त्यामुळे कोणाला ते चूक वाटलंच नाही. शिवाय नपुंसकलिंग. ते पुस्तक, ते दही, ते घर, हे का ते विचारलं तर कारण शोधत बसू नका, कारण नाही, शब्द शिकवतानाच तो-ती-ते लावून शिकवा.

आता नागपूरचा खरा घोळ, आणि हा मी मुद्दाम लांब लिहिते कारण तयारीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे असं माझं मत आहे. इथं कोणी मराठी बोलूच देत नाही. तो बिचारा रविवारी शिकून सोमवारी ऑटोवाल्याला "भाऊ, बर्डीला येता का?" विचारतो, आणि भाऊ म्हणतो "बैठो ना, पचास लगेंगे". भाऊ स्वतः घरी पक्की वऱ्हाडी बोलणारा. समोरच्याचा उच्चार जरा वेगळा वाटला की आपण सगळे आपोआप हिंदीवर जातो, सवयच आहे, हे शहर १९५६ पर्यंत हिंदी आणि मराठी दोन्ही मुलखांची मिळून राजधानी होतं, आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, १९५० नंतर जुन्या मध्य प्रदेशची, ते काही अजून उतरलं नाही अंगातून. मला त्यात वाईट काही वाटत नाही, पण शिकणाऱ्याची त्यात वाट लागते, कारण वापरायला जागाच नाही मिळत. म्हणून वर्ग सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही जाऊन माणसं तयार करायची. मेसच्या काकू, गेटवरचे काका, झेरॉक्सवाला, हॉस्टेलसमोरचा तर्री पोहेवाला, या चौघांना भेटून सांगायचं की ही पोरं मराठीत बोलली तर मराठीतच उत्तर द्या, चुकलं तरी, वेळ लागला तरी. पोहेवाल्या भाऊंनी तर मागच्या वर्षी नियमच केला, "तर्री जास्त टाका" म्हटल्याशिवाय जास्त तर्री नाही, आणि तीन आठवड्यात पोरं "भाऊ, कांदा कमी, शेव वरून" पर्यंत पोचली. माझ्या लॅमिनेट केलेल्या बाराखडीनं हे झालं नसतं. आणि हो, तुम्ही आपसात पण, वर्गाबाहेर भेटलात की पटकन हिंदी मारू नका, मीच मारते कधी कधी.

कोणती मराठी शिकवायची यावर दरवर्षी वाद होतो. पुण्याची शिकवली तर इथं कोणी तसं बोलत नाही, "तू काय करतो आहेस" शिकून गेलेल्याला "काय करून राहिला बे" ऐकू येतं आणि तो मला येऊन विचारतो, राहिला म्हणजे कुठं राहिला? तर असं करा, बोलायला "जात आहे" शिकवा पण ऐकायला "जाऊन राहिलो", "मले", "तुले", "कुठी", "काऊन" हे सगळं पहिल्या महिन्यातच कानावर घाला. "बे" मात्र कोणाला म्हणायचं आणि कोणाला नाही हे आधी सांगा, विसरू नका, एकानं एचओडींना म्हटलं होतं.

साईट बॅचकडे येते. इथं पहिली तयारी कॅलेंडरची. ही कुटुंबं भाताच्या पेरणी-रोवणीला गावी जातात, दिवाळीला असतात तिकडंच, आणि वस्ती भरते ती दिवाळीनंतर. नेमक्या त्याच वेळी आपल्या विंटरच्या परीक्षा. म्हणजे लेकरं आली की आपण गायब, हे दोन वर्षं झालं आणि तिसऱ्या वर्षी त्यातल्या एका पोरीनं मला सरळ तोंडावर विचारलं, तू फिर भाग जाबे का? म्हणून टाईमटेबल लागायची वाट न बघता ऑक्टोबरमध्येच वाटून घ्या कोणाचे पेपर कधी, निदान दोघं तरी दर रविवारी हवेत. एनएसएसचे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे, दोन वर्षांचे २४० तास भरायला येणाऱ्यांनी इकडं नाव टाकू नये असं मी स्पष्टच म्हणते, तास झाडं लावूनही भरतात.

परवानगी दोन ठिकाणची घ्या, ठेकेदाराची किंवा मुकादमाची आणि आई-बापांची. मुकादम हो म्हणाला म्हणजे झालं असं नाही. कॉलेजचं पत्र, आय-कार्ड जवळ ठेवा. एकट्यानं जायचं नाही, एका लेकराला घेऊन कोपऱ्यात किंवा खोलीत बसायचं नाही, वर्ग उघड्यावर सगळ्यांना दिसेल असा. आणि फोटो नाही. स्टेटसला नाही, इन्स्टाला नाही, फाटक्या फ्रॉकमधल्या पोरीला खडू देतानाचा तर बिलकुल नाही, मी ग्रुपमधून काढते अशांना.

शिकवायला इथं छत्तीसगडीचे आठ-दहा शब्द तरी पाठ करून जा. हे मला एका सात-आठ वर्षांच्या पोरानं शिकवलं. मी पाटीवर "मला" लिहिलं, वाच म्हटलं, तो मान खाली घालून "मोला नइ आवय" म्हणाला. माझ्या सोबतची पोट्टी काटोलकडची, ती म्हणाली, अरे, मले बी नाही येत! पोरगं मान वर करून बघायला लागलं. मोला, मले, मला. तोला, तुले, तुला. तिनं पाटीवर तिन्ही एकाखाली एक लिहिले आणि त्या दिवशी वर्ग त्यावरच गेला, पोरं ओरडून ओरडून म्हणत होती, आणि ज्या वऱ्हाडीवरून हिला कॉलेजात सगळे हसत होते ती तिथं एकदम कामाची निघाली. बालभारतीची पहिलीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, तीच प्रिंट करून न्या, इंग्रजी मीडियमचे रंगीत चार्ट नको, कारण शेवटी त्यांना जवळच्या झेडपी नाही तर मनपाच्या शाळेत बसायचं आहे. त्याचंही बघून ठेवा: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं वयाचा दाखला नाही किंवा टीसी यायचा आहे म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि वर्ग वयाप्रमाणे द्यायचा असतो. एका शाळेत आम्हाला जन्माचा दाखला आणा मग बघू म्हणून परत पाठवलं, आम्ही पण मुकाट्यानं आलो. आता फोल्डरमध्ये कायद्याच्या त्या कलमांची, ४, ५ आणि १४ ची, झेरॉक्स असते, ती टेबलावर ठेवली की आवाज जरा खाली येतो.

कल्चरल एक्सचेंज हा शब्द आला की आपल्याकडे लगेच स्टेज, लावणी आणि नऊवारी. नको बाप्पा. जे त्यांच्याकडेही आहे ते शोधा. पाडव्याला आपण कडुलिंब-गूळ खातो, त्याच दिवशी तेलुगूवाल्यांची उगादी, त्यांच्या पच्चडीत कडुलिंबाची फुलं, गूळ, चिंच, कैरी, मीठ, तिखट. तर त्या दिवशी हॉस्टेलच्या पॅन्ट्रीत दोन्ही करायचं, सामान आदल्या दिवशी आणायचं, फुलं झाडावरून सकाळी, आणि रेसिपी त्यांनी मराठीत सांगायची. वर्षभरात सगळ्यात जास्त मराठी मी त्या दीड तासात ऐकली. जी कुटुंबं पावसाळ्यातही गावी जात नाहीत त्यांच्यासाठी पोळा. छत्तीसगडात पोरा म्हणतात, लेकरांना मातीचा बैल मिळतो, आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला लाकडाचा. मातीचा आणि लाकडाचा शेजारी ठेवा, बाकी तेच बोलतात. मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, बघायला न्यायचं असेल तर हॉस्टेलवाल्यांनाच न्या, इतवारीतल्या त्या गर्दीत लहान लेकरं सांभाळणं आपलं काम नाही. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि बडग्यांवर, म्हणजे सोबतच्या दुसऱ्या पुतळ्यांवर, कोणाकोणाचं नाव लिहून काय काय घेऊन जा म्हणतात ते वाचून घ्यायला लावा, तिथल्या मराठीला तोड नाही.

राहिली बॅग. मार्करपेक्षा खडू न्या, साईटवर बोर्ड नसतो, भिंत आणि फरशी असते. पाट्या वीस आहेत, पेन्सिली तोडून अर्ध्या अर्ध्या द्या. मार्चपासून वर्ग सकाळी साडेसातलाच, नऊनंतर पत्र्याखाली बसवत नाही. पाण्याची बाटली प्रत्येकानं स्वतःची, दुपट्टा. बिस्किटं दर वेळी नको, मग लेकरं बिस्किटांसाठीच येतात आणि बाकीच्या बाया बघत राहतात. आणि ती निळी वही, जिच्यात प्रत्येक रविवारी काय झालं आणि कोणत्या पोराचं कुठं अडलं ते लिहितो, ती कोणीही घरी नेऊन विसरू नये. मागच्या फेब्रुवारीत एका सोमवारी ती साईट अख्खी रिकामी झाली, काम संपलं, ट्रकमध्ये बसून लोक दुसरीकडे गेले, आम्हाला पुढच्या रविवारी कळलं. दोघांच्या बापांचे नंबर वहीत होते म्हणून ती दोघं सापडली, बुटीबोरीच्या बाजूला. त्यामुळे नंबर पहिल्याच दिवशी घ्या, आई-बापांना विचारून, आणि गावाचं नाव पण लिहा. वही आता झेरॉक्सवाल्या काकांकडे ठेवली आहे, माझं नाव सांगा, आणि मराठीत मागा.