कारची बॅटरी कधी बदलावी?
एरवी कारची बॅटरी तीन ते पाच वर्षं चालते. पण जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हात आतलं पाणी उडतं, प्लेटा लवकर गंजतात, म्हणून तीन वर्षं झाली की दर उन्हाळ्याआधी तपासा. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. सेल मारताना ९.६ च्या खाली उतरली तर बदलाच. इंजिन चालू असताना मात्र १३.८ ते १४.४ हवेत, नसतील तर दोष बहुधा अल्टरनेटरचा (चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा भाग), नवी बॅटरीही उतरेल! झाकणं उघडणारी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर, बोअरचं नको. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह (−) टर्मिनल सोडवा, बसवताना तो शेवटी जोडा.