अभ्यासापलीकडच्या सवयी: शिकवायच्या कशा, नोंदवायच्या कशा

सत्र संपत आलं की शिक्षकांच्या नोंदवहीत ठरावीक वाक्यं उतरतात: ‘शिस्तप्रिय आहे’, ‘मित्रांना मदत करतो’. पटावरच्या तीस मुलांना आलटून-पालटून तीच. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात, म्हणजे नुसत्या परीक्षेवर न थांबता वर्षभर मुलाची प्रगती बघण्याच्या पद्धतीत, वर्णनात्मक नोंदी आल्या, दैनंदिन निरीक्षण हे साधनही मिळालं. पण जी सवय वर्गात शिकवलीच नाही, तिची नोंद कसली करणार?

म्हणून आधी शिकवा. एका वेळी एकच सवय, चार आठवडे. ‘जबाबदारी’ एवढं म्हणून भागत नाही, डोळ्यांना दिसेल अशी कृती ठरवा. तिसरीसाठी समजा ही: सूचना संपल्यावर दोन मिनिटांत वही काढून, तारीख घालून पहिलं गणित सुरू करणं. पहिल्या दिवशी स्वतः करून दाखवा. मग मुद्दाम चुकवा. दप्तरात डोकं घालून पेन्सिल शोधत बसा. मुलं हसतात आणि कुठं बिनसलं ते तीच सांगतात. पुढं आठवडाभर रोज पाच मिनिटं सराव. सूचना एका वेळी दोनच द्या. लहान वर्गात तिसरी दिली की पहिली निसटते, आणि आपण म्हणतो मूल ऐकत नाही.

नोंद दुसऱ्या आठवड्यापासून. पट तीसचा असेल तर सोमवार ते शुक्रवार रोज सहाच मुलं बघा. सगळ्यांकडे एकदम बघायला गेलं की कुणीच नीट दिसत नाही. हजेरीसारखा तक्ता आखा, खुणा तीन: ‘आ’ म्हणजे आपणहून, ‘ए’ म्हणजे एकदा सांगितल्यावर, ‘सो’ म्हणजे सोबत बसल्यावर. गैरहजर मुलाची चौकट रिकामी ठेवा, शून्य घालू नका. तीन आठवड्यांत तीन खुणा जमतात. त्यातल्या दोन जुळल्या की ती पातळी. नाहीतर आणखी एक आठवडा बघा. सरासरी काढू नये, आणि या खुणा विषयाच्या गुणांत तर अजिबात मिसळू नयेत.

खुणेसोबत एक ओळ लिहा: ‘सूचनेनंतर लगेच वही काढते, गणित अडलं की गप्प बसून राहते, विचारत नाही.’ पुढच्या महिन्यात काय शिकवायचं ते या ओळीतच सापडतं: मदत मागणं. ‘गुणी आहे’मधून काहीच सापडत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा हुशार मुलांच्या बाबतीत होतो. गणित येतं म्हणून हात न थबकता ‘आ’ पडतो. यावर उपाय म्हणजे तीच सवय दुसऱ्या ठिकाणी तपासणं. पोषण आहाराची घंटा झाली की हात धुऊन, ताट घेऊन ओळीत कोण आपणहून येतं आणि कुणाला हाका माराव्या लागतात? वर्गातला ‘आ’ इथं बऱ्याचदा ‘ए’ निघतो.

गटकामात चौघांचा गट पुरे: साहित्य आणणारा, लिहिणारा, वेळ बघणारा, सांगणारा. सहा जण केले की दोघं नुसते बसतात. कामं दर आठवड्याला बदला, नाहीतर सुंदर अक्षराची मुलगी वर्षभर लिहितच राहते.

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात घरी कन्नड बोलणारी मुलं आहेत, आणि दिवाळीनंतर वाळवा-कराड पट्ट्यात ऊसतोड कुटुंबांची मुलं येतात. नोंद करण्याआधी सूचना कळली का ते बघा: ‘काय करायचंय ते करून दाखव’ म्हणा. नव्या मुलाची पहिले दोन आठवडे नोंदच करू नका. फडावर धाकट्या भावंडाला सांभाळणारी, पाणी भरणारी मुलगी वर्गात ‘सो’ दिसू शकते. तिला साहित्याच्या पेटीची किल्ली देऊन बघा, जबाबदारी कशी घेते ते तिथं दिसेल. हंगाम संपून ती गावी निघाली की शिक्षण हमी कार्डासोबत (स्थलांतर करणाऱ्या मुलांना पुढच्या शाळेसाठी मिळणारं कार्ड) तुमची ही एक ओळही तिकडच्या शिक्षकांना पाठवा.