एकट्याने विक्का: पौर्णिमेची पहिली रात्र

ब्रिटनमधला जुना विचक्राफ्ट (चेटूक) कायदा १९५१ साली रद्द झाला. त्यानंतर जेराल्ड गार्डनर या इंग्रजाने विक्का, म्हणजे निसर्गपूजा आणि चेटूक मानणारा आधुनिक धर्म, उघडपणे मांडला आणि डोरीन व्हॅलिएंटीने त्याच्या विधींना भाषा दिली. तेव्हा दीक्षा घेऊन कव्हनमध्ये, म्हणजे मंडळात, जावं लागे. आज घरात एकट्याने ही वाट चालणारे पुष्कळ आहेत. मराठीत चेटूक म्हटलं की करणी आठवते. विक्कात करणीला जागाच नाही, कारण कुणाला इजा होणार नसेल तरच हवं ते करावं, हा त्याचा पाया आहे.

सुरुवात पौर्णिमेपासून करावी. या विधीला एस्बॅट म्हणतात. कालनिर्णयात पौर्णिमा कधी लागते आणि कधी संपते ते पाहून त्यातली रात्र निवडा. खोली झाडून घ्या, अंघोळ करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. एक पाट किंवा लहान टेबल पुरतं. त्यावर पूर्वेला उदबत्ती (वायू), दक्षिणेला मेणबत्ती (अग्नी), पश्चिमेला पाण्याची वाटी, उत्तरेला मीठ किंवा माती (पृथ्वी). काळ्या मुठीचा अथेमी नावाचा सुरा परंपरेत असतो, पण तो कापायचा नसून दिशा दाखवायचा असतो. तर्जनीनेही ते काम होतं.

पाण्यात तीन चिमूट मीठ घालून ढवळा आणि खोलीत चार बाजूंना शिंपडा. मग पूर्वेपासून दक्षिण, पश्चिम, उत्तर असं प्रदक्षिणेच्या दिशेने तीनदा चालत वर्तुळ आखा. गार्डनरच्या परंपरेत वर्तुळ नऊ फुटांचं असतं. घरात हात पसरून फिरता येईल एवढं झालं तरी चालतं. प्रत्येक दिशेला क्षणभर थांबून त्या तत्त्वाला बोलवा. शब्द पाठ नसले तरी हरकत नाही, पण मराठीत आणि मोठ्याने बोला. मनातल्या मनात पुटपुटलं की लक्ष लगेच भरकटतं.

आता संकल्प. नवखे सर्वात जास्त इथेच चुकतात. ‘मला शांती लाभो’ हे फार सैल झालं, कारण ते घडलं की नाही हे कधी कळणारच नाही. ‘पुढच्या पौर्णिमेपर्यंत रात्री अकरानंतर फोन हातात घेणार नाही’ हे पक्कं. दुसऱ्याचं नाव घालून ‘त्याने मला फोन करावा’ असं म्हटलं की त्याच्या इच्छेवर हात पडतो, म्हणून असा संकल्प करू नये.

संकल्पाची मेणबत्ती चार इंच उंच, अर्धा इंच जाड असावी. ती साधारण दीड-दोन तासांत संपते. तेलाचे दोनच थेंब बोटावर घेऊन तिला चोळा, वातीला तेल लागू देऊ नका. वाळलेली पानं किंवा फुलं मेणबत्तीला चिकटवून ठेवायची हौस टाळाच. त्यांची दुसरी वात होते, ज्योत एकदम वर उठते आणि मेणबत्ती काचेच्या भांड्यात असेल तर काच तडकते. मेणबत्ती वाळू भरलेल्या मातीच्या भांड्यात उभी करा, पडद्यापासून दूर, पंखा बंद करून. ज्योत फडफडली किंवा काजळी धरली तर तो शकुन समजू नका. वात लांब राहिली आहे किंवा वारा लागतो आहे. पेटवण्याआधीच ती पाच-सहा मिलिमीटरवर कापायची असते. मेणबत्ती संपेपर्यंत खोली सोडू नये. वेळ नसेल तर वाढदिवसाची छोटी मेणबत्ती वापरा.

शेवटी घासभर पोळी आणि घोटभर सरबत घ्या, म्हणजे डोकं जमिनीवर येतं. मग तत्त्वांचे आभार मानून उलट दिशेने फिरत वर्तुळ उघडा. उरलेलं मिठाचं पाणी कुंडीत ओतू नका, मातीत मीठ साठलं की मुळांना पाणी ओढता येत नाही. खडे पाण्यात ठेवायची पद्धत असली तरी सेलेनाइट पाण्यात झिजतो आणि मॅलाकाइटमधलं तांबं पाण्यात उतरतं. असं पाणी कधीच पिऊ नये.

वर्षातले आठ सण मात्र डोळे मिटून उचलू नयेत. फेब्रुवारीच्या सुरुवातीचा इम्बोल्क हा तिकडच्या मेंढ्यांना दूध येण्याचा काळ. १ ऑगस्टचा लॅमस पहिल्या गव्हाचा, आणि तेव्हा आपल्याकडे खरिपाची खुरपणी चाललेली असते. दोन अयनदिन आणि दोन विषुवदिन मात्र आकाशाचे आहेत, ते इथेही तितकेच खरे. ऑस्ट्रेलियातल्या मराठी वाचकांनी ऋतू उलटे धरावेत.

हे सगळं स्वतःपुरतं ठेवा. पैसे घेऊन तोडगे देणं किंवा आजार बरा करण्याचं आश्वासन देणं विक्कात बसत नाही. महाराष्ट्रात तर अशा फसवणुकीला आळा घालायला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

रोज दहा मिनिटं त्याच जागी बसा, चंद्र कुठे आहे ते पाहा आणि वहीत नोंद करा. या वहीला बुक ऑफ शॅडोज म्हणतात. तारीख, पक्ष, संकल्प, काय केलं एवढं लिहा. उजवीकडचं अर्धं पान कोरं सोडा. पुढच्या पौर्णिमेला, नवी मेणबत्ती लावण्याआधी, काय घडलं आणि काय नाही ते तिथे लिहायचं आहे.