घरच्या अंड्यांसाठी बटेर: पाळणं सोपं, पिल्लं काढणं शिकून घ्यावं लागतं

बटेर (इंग्रजीत क्वेल, कोंबडीच्या जातकुळीतला छोटा पक्षी) पाळायचा विचार करताय तर आधी हे डोक्यात पक्कं करा की घरात पाळली जाणारी बटेराची मादी अंडी भरपूर देते पण त्यावर बसत मात्र नाही. पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात वाढून तिची खुडूक होण्याची सवयच गेलीये. त्यामुळे नुसती अंडी खायची असतील तर काम एकदम हलकं आहे, पण घरच्या घरी पिल्लं काढून कळप चालू ठेवायचा असेल तर इनक्युबेटर (अंडी उबवायचं मशीन) आणि पिल्लांचे पहिले दहा दिवस या दोन गोष्टी तुम्हाला नीट यायलाच पाहिजेत. बहुतेक लोक पिंजऱ्यावर पैसे घालतात आणि इथे गडबडतात, म्हणून मी पिंजऱ्याचं थोडक्यात सांगणार आणि पिल्लांचं सविस्तर.

पक्षी कुठला आणायचा? जपानी बटेर. रानात, माळावर, उसाच्या कडेला दिसतो तो लावा वेगळा, तो 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतो, त्याला पकडणं पाळणं विकणं सगळं गुन्हा आहे, आठवडी बाजारात कोणी पिशवीतून काढून दाखवला तरी घेऊ नका. जपानी बटेर हॅचरीतूनच (अंडी उबवून पिल्लं विकणारं केंद्र) घ्या आणि पावती जपून ठेवा. आपल्याकडे हा पक्षी 1974 मध्ये बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणला गेला आणि तिथल्याच केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेत कॅरी पर्ल, कॅरी उत्तम, कॅरी श्वेता असे प्रकार तयार झाले. अंड्यांसाठी पर्ल चांगला, उत्तम हा अंगाने भरणारा म्हणजे मटणाचा. हॅचरीवाल्याला सरळ विचारा की अंड्याचा माल आहे का मांसाचा, दोन्ही दिसायला सारखेच वाटतात आणि मांसाचा पक्षी उगाच जास्त खातो.

सुरुवातीला एक दिवसाची पिल्लं नका आणू. तीन-चार आठवड्यांचे पक्षी आणा, कारण तोपर्यंत नर-मादी ओळखता येतात. नराची छाती एकसारखी तांबूस विटकरी होते, मादीच्या फिक्या छातीवर काळे ठिपके असतात (पांढऱ्या प्रकारात ही ओळख चालत नाही हे लक्षात ठेवा). मोठ्या नराच्या शेपटीखाली जरा दाबलं की पांढरा फेस येतो, ती पक्की खूण. चार माणसांच्या घराला आठ-दहा माद्या पुरतात, भरात असताना रोज सात-आठ अंडी होतात आणि कोंबडीच्या एका अंड्याला बटेराची साधारण पाच धरायची. फक्त अंडी खायची असतील तर नर लागतच नाही. नर पहाटे तीन तुकड्यांत खणखणीत ओरडतो, फ्लॅट असेल तर शेजाऱ्यांचा विचार करा, माद्यांचा आवाज अगदी बारीक असतो.

पिंजऱ्याची उंची एकतर फूटभरच ठेवा नाहीतर सरळ माणूस उभा राहील एवढी. मधली उंची सगळ्यात वाईट, कारण बटेर घाबरला की सरळ वर उसळतो आणि दोन-तीन फुटांच्या पिंजऱ्यात त्याला नेमका वेग घ्यायला जागा मिळते आणि डोकं फुटतं. कमी उंचीच्या पिंजऱ्यात वर जाळीऐवजी शेडनेट ताणून बांधलं तर अजून बरं. व्यवसायवाले एका चौरस फुटात पाच-सहा कोंबतात, घरी तसं करायची काही गरज नाही, मोठ्या पक्ष्याला एक चौरस फूट द्या, चोची मारणं निम्म्याने तिथेच संपतं. खाली अर्ध्या इंचाची वेल्डमेश (वेल्डिंग केलेली तारेची जाळी) चालते पण सगळी जमीन जाळीची नको, पाय सोलतात, एका बाजूला प्लायचा तुकडा टाका. आणि एक पसरट टब, त्यात वाळू आणि चुलीची राख. त्यात ते लोळतात, पंख झाडतात, उवा कमी होतात, आणि खरं सांगू का, तो टब ठेवल्यावर पक्षी जेवढे खुश दिसतात तेवढे कुठल्याच महागड्या टॉनिकने दिसत नाहीत.

उंदीर-घुशींचं मात्र गंभीरपणे घ्या. रात्री पक्षी जाळीला टेकून झोपतात आणि उंदीर खालून पाय कुरतडतो. पिंजरा भिंतीपासून लांब, जमिनीपासून दोन-तीन फूट वर, खाली सांडलेलं खाद्य रोज झाडून घ्यायचं. कोंबड्या असतील तर बटेर त्यांच्या खुराड्यात सोडू नका, कोंबडीला जे आजार सहज पचतात ते बटेराला पचत नाहीत.

खाद्याचं गणित सोपं आहे. एक मोठा पक्षी दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास खातो, म्हणजे दहा पक्ष्यांना महिन्याला साडेसात-आठ किलो. पण कोंबडीचं लेयर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य) तसंच टाकू नका, त्यात प्रोटीन 16-18 टक्के असतं आणि अंड्यावरच्या बटेराला 20 च्या वर लागतं. बटेर फीड मिळत नसेल तर ब्रॉयलर स्टार्टर, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या पिल्लांचं खाद्य, घ्या (पोत्यावर वाचून घ्या, औषध मिसळलेलं नको, ही अंडी आपल्या घरात खायचीत) आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, मादी तिला हवा तेवढा खाते. नुसता मका भरडा आणि तांदळाच्या कण्यांवर पक्षी जगतो पण अंडी देत नाही, मग लोक म्हणतात जात खराब निघाली. पावसाळ्यात एका वेळी पंधरा दिवसांपेक्षा जास्त खाद्य भरू नका. दमट हवेत पोत्याच्या तळाला बुरशी येते आणि त्या बुरशीचं विष लिव्हरवर जातं, वास किंवा गुठळी आली की ते पोतं फेकून द्यायचं, उन्हात वाळवून वापरायचं नाही.

साधारण सहा-सात आठवड्यांत अंडी चालू होतात. बटेर अंडं देतो दुपारी उशिरा ते संध्याकाळी, सकाळी शोधत बसू नका. उजेड 14 ते 16 तास लागतो, डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांचाच असतो तेव्हा अंधार पडल्यावर तीन-चार तास एक छोटा एलईडी टायमरवर लावा आणि रोजची वेळ तीच ठेवा. एक मजेची गोष्ट, प्रत्येक मादीच्या अंड्यावरची नक्षी तिची तिची ठरलेली असते, काही दिवस नीट बघितलं की कोण देतंय आणि कोण नुसतं खातंय ते कळतं. पिल्लांसाठी मादी निवडताना याचा फार उपयोग होतो.

आता पिल्लांचं.

नर-मादी प्रमाण एका नराला तीन-चार माद्या. नर जास्त झाले की माद्यांची डोकी आणि पाठी सोलून निघतात. नर सोडल्यावर पहिले चार-पाच दिवसांची अंडी खाऊन टाका, त्यानंतरची उबवायला घ्या. मादी दोन-अडीच महिन्यांच्या पुढची आणि सहा महिन्यांच्या आतली असेल तर सगळ्यात चांगलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नर बाहेरून आणा. सख्खी भावंडं एकमेकांना लावत गेलात तर बटेरात दोन-तीन पिढ्यांतच अंडी रिकामी निघायला लागतात, पिल्लं कवचात मरतात, पाय वाकडे येतात. कोंबडीत हे एवढं पटकन दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं इनक्युबेटर बिघडला. वेगळ्या गावच्या कोणाशी नरांची अदलाबदल ठरवून ठेवा, आणलेला नर दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा मगच आत सोडा. पायात रंगीत केबल टाय घालून कुठली पिढी कुठल्या नराची ते लिहून ठेवा, पण पिल्लू वाढतंय तसा टाय बदला नाहीतर पायात रुततो.

उबवायची अंडी धुवायची नाहीत, फ्रीजमध्ये ठेवायची नाहीत, टोकाची बाजू खाली करून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, जास्तीत जास्त सात दिवस. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात तर तीन-चार दिवसांच्या वर नकोच. चिरा गेलेली, फार मोठी, फार बारीक, रंगच नसलेली अंडी बाजूला काढा. कुरियरने आणली असतील तर दिवसभर शांत ठेवून मग लावा.

पंखावाला इनक्युबेटर असेल तर तापमान 37.5 ते 37.7. थर्मोकोलच्या डब्यात डिजिटल थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला बल्ब चालू-बंद करणारं यंत्र), बल्ब आणि कॉम्प्युटरचा छोटा पंखा बसवून घरी पण छान बनतो, फक्त अंडी लावायच्या आधी तो रिकामा दोन दिवस चालवून बघा आणि थर्मोस्टॅटच्या आकड्यावर विश्वास न ठेवता आत वेगळा थर्मामीटर ठेवा, ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर तपासायला चालतो. दमटपणा पहिले 14 दिवस 50 टक्क्यांच्या आसपास, शेवटचे तीन दिवस 65-70. इथे मशीनच्या पुस्तकात लिहिलंय म्हणून डोळे झाकून पाणी भरू नका, कोकणात जुलैमध्ये हवेतच एवढं पाणी असतं की सुरुवातीला वाटी कोरडी ठेवावी लागते आणि अकोल्यात एप्रिलमध्ये तीच वाटी दिवसातून दोनदा भरावी लागते. थोडे पैसे वाचवायला हायग्रोमीटर (दमटपणा मोजायचं यंत्र) टाळू नका, तो घ्याच.

अंडी दिवसातून तीन ते पाच वेळा फिरवायची. हिशोब असा धरा, रविवारी संध्याकाळी लावली तर तिसऱ्या रविवारी म्हणजे बरोब्बर 14 दिवसांनी फिरवणं बंद, पाणी वाढवा, झाकण बंद, आणि बुधवार-गुरुवारी पिल्लं. त्या तीन दिवसांत झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. एक पिल्लू बाहेर येऊन चिवचिवतंय म्हणून तुम्ही उघडता, आतली वाफ निघून जाते आणि बाकी अर्धवट फुटलेल्या अंड्यांचा पापुद्रा पिल्लाच्या अंगाला चिकटून सुकतो. बाहेर आलेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दिवसभर आरामात राहतं, त्याला काही होत नाही. कवच सोलून मदत करायची पण घाई नको, बऱ्याचदा रक्तस्राव होतो. शंभरातली साठ-सत्तर निघाली तर घरच्या मानाने छान समजा. लाइट गेली तर डब्यावर गोधडी टाका, झाकण उघडून बघत बसू नका, एक-दोन तासांनी सहसा काही बिघडत नाही.

मशीन नसेल आणि घरात खुडूक कोंबडी असेल तर तिच्याखाली ठेवता येतात, पण हलक्या अंगाची गावरान बघा, जड कोंबडीखाली ही दहा-बारा ग्रॅमची अंडी फुटतात, आणि पिल्लं निघाली की काढून घ्या.

पिल्लू वजनाने सहा-आठ ग्रॅम. गोटी असते ना, साधारण तेवढंच. म्हणून सगळं त्या मापाने करायचं. ब्रूडर (पिल्लं उबेत ठेवायची जागा) म्हणून पुठ्ठ्याचं मोठं खोकं चालतं, खाली वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरून कायमचे फाकतात आणि ते पिल्लू परत उभं राहत नाही. गोणपाट किंवा पन्हळी पुठ्ठ्याची खरखरीत बाजू टाका. ऊब पहिल्या आठवड्यात 35-36 अंश, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी. एलईडी उष्णता देत नाही, तारेचा पिवळा बल्बच लागतो किंवा सिरॅमिक हीटर, आणि तो खोक्याच्या एका टोकाला लावा म्हणजे पिल्लांना गरम-गार निवडता येईल. थर्मामीटरपेक्षा पिल्लंच जास्त खरं सांगतात, सगळी बल्बखाली ढीग करून ओरडतायत म्हणजे थंडी, कडेला चोची उघडून पडलीत म्हणजे जास्त गरम, सगळीकडे पसरून शांत झोपलीत म्हणजे बरोबर. ढीग झाला की खालची गुदमरून मरतात म्हणून पहिल्या तीन रात्री उठून बघायची तयारी ठेवा.

पाण्यात पिल्लं बुडतात, अगदी बशीत सुद्धा. बशीभर गोट्या किंवा धुतलेले खडे टाका, फटीतून पाणी पितात, आठवड्याने काढा. पहिल्या दिवशी कोमट पाण्यात जरासा गूळ. खाद्य प्री-स्टार्टर (अगदी लहान पिल्लांचं तयार खाद्य), 24-27 टक्के प्रोटीनचं, आणि ते मिक्सरला फिरवून रव्याएवढं बारीक केलेलं, कारण अख्खा दाणा त्यांच्या चोचीत मावतच नाही आणि भरलेल्या भांड्यासमोर पिल्लं उपाशी मरतात. पहिले दोन-तीन दिवस खाली पसरून टाका. दुसऱ्या आठवड्यात उडायला लागतात, वर जाळी हवीच.

चार आठवडे झाले की मोठ्यांसारखं. उन्हाळ्यात 40 च्या वर गेलं की पिंजऱ्याला ओलं गोणपाट बांधा, दुपारी पाणी दोनदा बदला, खाद्य सकाळी लवकर आणि संध्याकाळी द्या.

एकदम दोन-चार पक्षी पटापट मेले तर ते कचऱ्यात किंवा ओढ्यात टाकू नका, बाकीच्यांना हात लावायच्या आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापूरलाच सापडला होता, तो धोका आपल्यासाठी पुस्तकातला नाही.

पिल्लं काढायच्या आधी एक ठरवा, निम्मे नर निघणार. एवढे नर ठेवता येत नाहीत, ते आपसात डोळे फोडेपर्यंत भांडतात. खाणार, देणार की विकणार हे घरातल्यांशी आधीच बोलून घ्या, मुलांनी नावं ठेवल्यावर हा विषय काढणं फार अवघड जातं. माद्या वर्षभर भरात देतात, मग कमी होत जातं, म्हणून दर सहा-आठ महिन्यांनी एक छोटी बॅच काढली की अंडी तुटत नाहीत.

विष्ठेला अमोनियाचा वास लगेच येतो, ट्रे एक दिवसाआड काढा, खाली भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा असला की बराच दबतो. ते खत जोरदार असतं पण ताजं कुंडीत घालू नका, मुळं जळतात, पालापाचोळ्याबरोबर दोन-तीन महिने कुजवून मग घाला.